संदेशवाहक उपग्रह आणि स्थाननिश्चिती : विद्यार्थ्यांच्या संशोधनाची दिशा

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे लोकार्पण ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. या विमानतळापासून काही किलोमीटर अंतरावर जवाहरलाल नेहरू बंदर आहे आणि तेथून निघणाऱ्या मालमोटारी कळंबोलीवरून देशाच्या सर्व दिशांना जातात. विमान, जहाज आणि मालमोटार या तिन्हींचे चालक आज आपले स्थान एकाच साधनाने ओळखतात. हे साधन म्हणजे हजारो किलोमीटर उंचीवरील उपग्रहांकडून येणारा अतिशय क्षीण असा रेडिओ संकेत होय. याच परिसरात, नवीन पनवेल येथे, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. उपग्रहाचा संकेत वातावरणाच्या ज्या थरातून येताना बिघडतो, त्या थराचा अभ्यास हे या संस्थेच्या कार्याचे एक प्रमुख अंग आहे.

हा संकेत कोणाच्या मालकीचा, तो किती भरवशाचा आणि तो मिळेनासा झाला तर दुसरा आधार कोणता, हे प्रश्न संरक्षण खात्यापुरते मर्यादित राहिलेले नाहीत. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतील विद्यापीठांच्या संशोधक विद्यार्थ्यांनी असे दाखवून दिले आहे, की दूरध्वनी व इंटरनेट यांसाठी व्यापारी कंपन्यांनी सोडलेल्या उपग्रहांचे संकेतही स्थान सांगू शकतात. या संशोधनामागे तेथील भूदलाची गरज होती. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू हाताळली. संकेत ज्या वाटेने येतो ती वाट मोजण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. या दोन्ही प्रयत्नांचा एकत्र विचार केल्यास विषयाचे खरे स्वरूप ध्यानात येते.

वेळेवरून अंतर

रेडिओ तरंग प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर या गतीने जातात. संकेत उपग्रहावरून नेमका केव्हा निघाला आणि ग्राहीपर्यंत केव्हा पोहोचला हे कळले, तर उपग्रहाचे अंतर काढता येते. चार उपग्रहांची अंतरे मिळाली, की ग्राहीचे अक्षांश, रेखांश, उंची आणि त्याच्या घड्याळातील चूक अशा चारही अज्ञात गोष्टी निश्चित होतात. तत्त्व इतके साधे असले, तरी व्यवहार कठीण आहे. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. पनवेलच्या बसस्थानकावर उभा असलेला मनुष्य त्यामुळे पलीकडच्या वस्तीत दिसू लागेल. म्हणून अशा उपग्रहांवर अणुघड्याळे बसवावी लागतात.

अमेरिकेच्या जीपीएस या यंत्रणेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तेथून येणारा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका मंद होतो, की तो भोवतालच्या रेडिओ गोंगाटाखाली दबलेला असतो आणि केवळ त्याची रचना आधीच ठाऊक असल्यामुळे ग्राही त्याला हुडकून काढतो. साहजिकच जवळच्या एखाद्या लहानशा प्रक्षेपकालाही तो झाकून टाकता येतो. याला संकेतरोध म्हणता येईल. त्याहून घातक प्रकार म्हणजे खऱ्या संकेतासारखाच बनावट संकेत पाठवून ग्राहीला फसविणे. संकेतरोध झाला तर यंत्र निदान बंद तरी पडते. फसवणुकीत मात्र ते चुकीचे स्थान खात्रीने सांगत राहते.

जून २०१३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील प्रयोगशाळेने भूमध्य समुद्रात याचे प्रात्यक्षिक केले. प्राध्यापक टॉड हम्फ्रीज आणि त्यांचे विद्यार्थी यांनी मालकाच्या संमतीने ६५ मीटर लांबीच्या एका नौकेवर स्वतः तयार केलेले उपकरण नेले आणि बनावट संकेतांच्या साहाय्याने ती नौका ठरलेल्या मार्गावरून हळूहळू वळविली. नौकेवरील यंत्रांनी धोक्याची कोणतीही सूचना दिली नाही. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जे होऊ शकते, ते शत्रूला अवघड नाही, हा या प्रयोगाचा उघड अर्थ होता.

भारतालाही हा प्रश्न परका नाही. मे २००० पर्यंत अमेरिका जीपीएसच्या नागरी संकेतात हेतुपुरस्सर चूक मिसळत असे व त्यामुळे स्थानात सुमारे १०० मीटरपर्यंत फरक पडे. १९९९ चा कारगिल संघर्ष याच काळातला. त्या वेळी अचूक माहिती उपलब्ध झाली नाही, हा अनुभव पुढे स्वतंत्र भारतीय यंत्रणेच्या समर्थनार्थ वारंवार सांगितला गेला. केंद्र शासनाने २००६ मध्ये अशा यंत्रणेला मंजुरी दिली. १ जुलै २०१३ रोजी तिचा पहिला आणि २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा उपग्रह सोडण्यात आला व तिला ‘नाविक’ हे नाव मिळाले. पुढचा प्रवास सरळ झाला नाही. परदेशातून घेतलेली काही अणुघड्याळे बंद पडली. ऑगस्ट २०१७ मध्ये सोडलेला बदली उपग्रह आपल्या आवरणातून बाहेर पडू शकला नाही. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर प्रथमच देशी अणुघड्याळ बसविण्यात आले. त्यानंतरचा एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये अवकाशात गेला, परंतु नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. स्वतःची यंत्रणा असणे आवश्यक आहेच, पण ती एकच एक असणे पुरेसे नाही, असे या इतिहासावरून दिसते.

दुसरीकडे संकेतांमधील ढवळाढवळ वाढत आहे. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अमृतसर व जम्मू या सीमाभागांत विमानांना अशा बाधेचे ४६५ प्रसंग आले, अशी माहिती केंद्र शासनाने लोकसभेत दिली.

एका उपग्रहाची हाक

संदेशासाठी निघालेल्या संकेताचा स्थानासाठी उपयोग करणे ही कल्पना नवी नाही. किंबहुना उपग्रहाधारित मार्गनिर्देशनाचा जन्मच तिच्यातून झाला. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट संघाने स्पुटनिक सोडला. तो फक्त एक ठराविक ध्वनी पाठवीत असे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम ग्वायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण संशोधक तो ध्वनी ऐकत बसले. रेल्वेगाडी जवळ येताना तिची शिटी उंच व दूर जाताना खालच्या पट्टीत ऐकू येते, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. स्पुटनिकच्या संकेताची पट्टी अशीच बदलत होती आणि त्या बदलाच्या आलेखावरून या दोघांनी उपग्रहाची संपूर्ण कक्षा शोधून काढली. पुढील वर्षी त्यांच्याच संस्थेतील फ्रँक मॅक्ल्यूर यांनी प्रश्न उलटा केला. जमिनीवरून उपग्रहाचे स्थान कळत असेल, तर उपग्रहाची कक्षा ठाऊक असताना जमिनीवरील किंवा समुद्रातील आपले स्थान का कळू नये? अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांना याची निकड होती. त्यातून उभी राहिलेली ‘ट्रान्झिट’ यंत्रणा १९६४ पासून वापरात आली आणि १९९६ पर्यंत चालली.

या कथेतील एक उपकथानक पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. स्पुटनिकच्या आलेखात थोडी विसंगती येत होती आणि तिचे कारण वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युत्भारित कणांचा थर हे होते. एकाच उपग्रहाकडून दोन वेगवेगळ्या कंप्रतांचे संकेत आल्यास त्यांच्यातील फरकावरून या थराचा परिणाम वजा करता येतो, हे तेव्हाच लक्षात आले. आजच्या प्रत्येक चांगल्या ग्राहीमध्ये हीच युक्ती वापरली जाते.

टेक्सास व कॅलिफोर्निया

सुमारे साठ वर्षांनी हीच वाट पुन्हा चोखाळण्यात आली. स्टारलिंक या कंपनीचे हजारो उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून इंटरनेटची सेवा देतात. उंची कमी असल्यामुळे त्यांचा संकेत जीपीएसच्या तुलनेने खूपच बलवान असतो आणि म्हणून तो झाकून टाकणे कठीण असते. २०२० मध्ये टेक्सास विद्यापीठातील पीटर इयानुची व हम्फ्रीज यांनी अमेरिकी भूदलाच्या अर्थसाहाय्याने एक योजना मांडली. या उपग्रहांच्या संदेशक्षमतेचा अगदी थोडा अंश कक्षा व घड्याळ यांच्या माहितीसाठी राखून ठेवला, तर जीपीएसवर सर्वस्वी न विसंबणारी स्थाननिश्चिती सैन्याला मिळू शकेल, असे तिचे सार होते. त्यासाठी उपग्रहांच्या यंत्रसामग्रीत फेरबदल करण्याची गरज नव्हती. गरज होती ती कंपनीच्या संमतीची. पण इंटरनेटची सेवा यशस्वी करण्यावरच सारे लक्ष द्यावयाचे असल्याने कंपनीने त्या वेळी सहकार्य केले नाही, असे हम्फ्रीज यांनी सांगितले आहे.

या नकारानंतर विद्यार्थ्यांनी जे केले, ते शिक्षणाच्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरते. त्यांनी छतावर ॲंटेना लावून संकेताची रचना स्वतःच उलगडण्यास प्रारंभ केला. संदेशात काय आहे हे त्यांना वाचता येत नव्हते आणि वाचावयाचेही नव्हते. गाण्याचे शब्द न कळणाऱ्या श्रोत्यालाही तालाची सम ओळखता येते. त्याचप्रमाणे प्रत्येक संदेशचौकटीच्या आरंभी येणारा ठराविक क्रम त्यांनी शोधून काढला. सेकंदाला अशा ७५० चौकटी येऊ शकतात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात नमूद आहे. चौकटीची सुरुवात नेमकी केव्हा झाली हे कळले, म्हणजे वेळ कळली, आणि वेळ कळली म्हणजे अंतराचा मार्ग मोकळा झाला.

त्यापूर्वीच, २०२१ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील झाक कसास यांच्या गटाने संकेताची रचना पूर्णपणे न उलगडताही काम भागविले. त्यांनी सहा उपग्रहांच्या वाहक तरंगातील डॉप्लर बदल मोजला आणि विद्यापीठाच्या आवारातील एका ॲंटेनाचे स्थान सुमारे आठ मीटरच्या आत निश्चित केले. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या या उपग्रहांच्या बाबतीत कंप्रतेतील बदल दोन लाख हर्ट्झच्या घरात जातो. म्हणजे ग्वायर आणि वायफेनबाख यांनी स्पुटनिकबाबत जे केले, तेच येथे अनेक उपग्रहांबाबत एकाच वेळी करण्यात आले.

या यशाला मर्यादा आहेत, हेही सांगितले पाहिजे. जाहीर होणाऱ्या सर्वसाधारण कक्षा-माहितीत शेकडो मीटर ते काही किलोमीटरपर्यंत चूक असू शकते. ती सुधारण्यासाठी स्थान आधीच ठाऊक असलेल्या दुसऱ्या एखाद्या ग्राहीची मदत घ्यावी लागते. उपग्रहांवरील घड्याळे संदेशवहनापुरती चांगली असतात, मार्गनिर्देशनासाठी घडविलेली नसतात. संकेताची रचना कंपनी केव्हाही बदलू शकते. परक्या राष्ट्राच्या यंत्रणेवरील अवलंबन टाळण्यासाठी परक्या कंपनीच्या यंत्रणेवर अवलंबून राहणे हा काही फार मोठा बदल नव्हे. अशा संकेतांकडे पर्याय म्हणून न पाहता पडताळा म्हणून पाहणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मुख्य यंत्रणा सांगत असलेले स्थान आणि या उसन्या संकेतांवरून निघणारे स्थान यांत तफावत दिसली, तर कोठेतरी फसवणूक होत आहे एवढे तरी समजेल. भूमध्य समुद्रातील त्या नौकेवर असा दुसरा साक्षीदार असता, तर वळण तत्काळ लक्षात आले असते.

दूरदर्शनच्या उपग्रहाचे दुसरे काम

संदेशवाहक उपग्रहाकडून दुहेरी काम करून घेण्याची परंपरा भारतात जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ मध्ये विक्रम भूकेंद्र सुरू झाले आणि परदेशांशी उपग्रहामार्फत दूरध्वनी संपर्क साधता येऊ लागला. त्यानंतर चार वर्षांनी, १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. तो प्रयोग सर्वश्रुत आहे. याच उपग्रहावर अनेक कंप्रतांवर संकेत पाठविणारा एक लहान प्रक्षेपक होता आणि खेड्यातील मुले दूरदर्शन पाहत असताना उटीसह देशातील काही केंद्रांवर शास्त्रज्ञ त्या संकेतावरून आयनांबरातील इलेक्ट्रॉन मोजत होते, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

आज हे दुहेरी काम नित्याचे झाले आहे. भारतीय अवकाश संशोधन संस्था आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्या ‘गगन’ या योजनेत जीपीएसच्या चुका देशभरातील पंधरा संदर्भकेंद्रांवर मोजल्या जातात आणि दुरुस्तीची माहिती उपग्रहावरून विमानांना पुरविली जाते. त्यासाठी स्वतंत्र उपग्रह सोडण्यात आले नाहीत. दूरदर्शन व दूरसंचार यांसाठी असलेल्या जीसॅट-८, जीसॅट-१० व जीसॅट-१५ या उपग्रहांवरच त्यासाठी उपकरणे बसविण्यात आली. एप्रिल २०१५ मध्ये या सेवेला विमान उतरविताना उंचीचेही मार्गदर्शन करण्यासाठी प्रमाणपत्र मिळाले व एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे एक प्रवासी विमान तिच्या आधारे उतरविण्यात आले.

मच्छीमारांच्या दृष्टीने याहून जवळचे उदाहरण आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एका राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. तिच्याद्वारे एक लाख मासेमारी नौकांवर अवकाश संशोधन संस्थेने विकसित केलेली उपकरणे बसविण्याचे ठरविण्यात आले. नौकेचे स्थान उपग्रहामार्फत किनाऱ्यावर कळते. वादळाची सूचना आणि सागरी सीमा जवळ आल्याचा इशारा नौकेला मिळतो. संकटात सापडलेल्या तांडेलाला मदतीची हाकही देता येते. पालघर-डहाणू भागातील अनेक खलाशी गुजरातच्या नौकांवर कामाला जातात आणि नकळत सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून परदेशी तुरुंगात खितपत पडण्याची वेळ त्यांच्यापैकी काहींवर आलेली आहे. स्थान सांगणाऱ्या यंत्राची अचूकता हा अशा कुटुंबांच्या दृष्टीने केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

आपल्या डोक्यावरचा थर

जमिनीपासून सुमारे ६० किलोमीटरच्या वर सूर्याच्या अतिनील किरणांमुळे हवेतील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या भागाला आयनांबर म्हणतात. इलेक्ट्रॉन जितके अधिक, तितका उपग्रहाचा संकेत अधिक रेंगाळतो. शास्त्रज्ञ त्यांची गणना एक चौरस मीटर पायाच्या उभ्या स्तंभात करतात. अशा स्तंभात दहावर सोळा शून्ये इतके नव्हे, तर एकावर सोळा शून्ये इतके इलेक्ट्रॉन असले, की ते एक एकक होय. एका एककामुळे जीपीएसच्या मुख्य संकेतात सुमारे १६ सेंटिमीटरची चूक येते. सूर्यावरील डाग वाढलेल्या वर्षी दुपारच्या वेळी भारतावर ही संख्या १०० एककांच्याही वर जाते. म्हणजे केवळ या एका कारणाने १६ मीटर किंवा त्याहून अधिक फरक पडतो, आणि उपग्रह क्षितिजाजवळ असेल तर वाट तिरपी व लांब झाल्यामुळे चूक आणखी वाढते.

युरोप-अमेरिकेत हा थर बराचसा समतल असतो. भारताचे आकाश तसे नाही. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या परिसरातून जाते. तेथील इलेक्ट्रॉन दिवसा वर उचलले जातात आणि कारंज्याच्या पाण्याप्रमाणे उत्तरेस व दक्षिणेस उतरतात. उत्तरेकडील ढीग गुजरात व मध्य प्रदेशाच्या आकाशात जमतो. महाराष्ट्र दक्षिणेकडील खळगा आणि उत्तरेकडील ढीग यांच्यामधल्या उतारावर येतो. त्यामुळे कोल्हापूरवरील आणि धुळ्यावरील आयनांबर एकाच वेळी सारखे असेल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय सूर्यास्तानंतर या थरात बुडबुडे निर्माण होतात आणि संकेत ताऱ्याप्रमाणे लुकलुकू लागतो. ‘गगन’साठी परदेशी गणिती प्रतिमान तसेच्या तसे उचलून चालले नाही व भारताच्या आकाशासाठी वेगळे प्रतिमान तयार करावे लागले, त्याचे कारण हेच.

येथे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा वारसा उपयोगी पडतो. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेण्यात येत होत्या. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून त्या बिघडू नयेत यासाठी १९०४ मध्ये अलिबाग येथे वेधशाळा उभारण्यात आली. एका शहराची वाहतूक सुधारताना विज्ञानाच्या नोंदी खंडित होऊ न देण्याची ही दक्षता आजही अनुकरणीय वाटते. या वेधशाळांचे कार्य पुढे चालविणारी संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली. तिची केंद्रे तिरुनेलवेली, प्रयागराज, कोल्हापूर आदी ठिकाणी आहेत.

‘प्रथम’ आणि ‘स्वयम्’

याच थराचे मापन हा मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या ‘प्रथम’ या उपग्रहाचा वैज्ञानिक हेतू होता. कामाला २००७ मध्ये प्रारंभ झाला. सुरुवातीचे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले, त्यांच्या जागी नवे आले, त्यांनी आधीच्यांच्या टिपणांवरून काम उचलले, आणि असे होत होत २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३५ या प्रक्षेपकाने सुमारे दहा किलो वजनाचा हा चौकोनी उपग्रह कक्षेत नेला. नऊ वर्षांच्या या काळात हस्तलिखित टिपणे व चाचण्यांच्या नोंदी जपण्याची जी शिस्त लागली असेल, ती उपग्रहाइतकीच महत्त्वाची मानावयास हवी. आपल्या महाविद्यालयांतील बहुतेक प्रकल्प एका वर्षात सुरू होऊन त्याच वर्षी कपाटात जातात.

‘प्रथम’ची पद्धत जितकी सोपी, तितकीच मार्मिक होती. उपग्रहाने सुमारे १४६ व ४३७ मेगाहर्ट्झ अशा दोन कंप्रतांचे, एकाच प्रतलात कंप पावणारे तरंग पाठवावयाचे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील इलेक्ट्रॉनांमधून जाताना हे प्रतल फिरते, आणि कमी कंप्रतेच्या तरंगाचे अधिक फिरते. जमिनीवर दोन्हींचे वळण मोजले, की मधल्या इलेक्ट्रॉनांची संख्या काढता येते. मोजणीचे काम जमिनीवरच होणार असल्याने साधी ॲंटेना असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाला त्यात सहभागी होता येणार होते, आणि संस्थेने इतर महाविद्यालयांतही अशी भूकेंद्रे उभारण्यास उत्तेजन दिले.

त्याच वर्षी २२ जून रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा उपग्रह गेला होता. तो एक किलोहूनही हलका होता. रेडिओ हौशी मंडळींसाठी एका ठिकाणचा संदेश घेऊन दुसऱ्या ठिकाणी देणे हे त्याचे काम. त्याला दिशा देण्यासाठी कोणतीही मोटर बसविलेली नव्हती. आतील चुंबकामुळे तो होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहावा, अशी योजना होती. त्यासाठी वीज मुळीच खर्च होत नाही.

पाऊस आणि वरची कंप्रता

आयनांबराचा परिणाम कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. स्टारलिंकसारखे उपग्रह ज्या ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, तेथे तो जीपीएसच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकाच उरतो. हा मोठा लाभ आहे. पण याच पट्ट्यातील तरंगांना पावसाचे थेंब शोषून घेतात. टेक्सासमधील छतावर ही अडचण क्वचितच जाणवेल, परंतु जुलै महिन्यात पनवेल किंवा माथेरानच्या पायथ्याशी तिचा विचार केल्यावाचून भागणार नाही. घराच्या छतावर दूरदर्शनची तबकडी लावणाऱ्याला मुसळधार पावसात चित्र का गोठते हे ठाऊक असते. त्याचे कारण हेच होय. उलट जीपीएस व ‘नाविक’ यांच्या खालच्या कंप्रतांवर पावसाचा परिणाम जवळजवळ होत नाही. एकाच्या उणिवा दुसऱ्याने भरून काढाव्यात असा हा प्रकार आहे आणि कोकणात तो प्रत्यक्ष मोजून पाहण्यासारखा आहे.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम यांसारख्या जिल्ह्यांतील दुर्गम भागांत शासकीय संस्था व ग्रामीण जनता यांना उपग्रहाद्वारे इंटरनेट मिळावे, हा त्याचा उद्देश. उद्या अशी तबकडी एखाद्या आश्रमशाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छतावर आली, तर तिचा उपयोग पत्रव्यवहार आणि दाखले यांसाठी होईलच. परंतु संदेश न वाचता केवळ संकेताचा कमीअधिकपणा, पावसाची नोंद आणि वेळ यांची वही ठेवली, तर जवळच्या महाविद्यालयाला ती संशोधनाची सामग्री ठरू शकते.

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. संगणकाला जोडता येणारा रेडिओ ग्राही काही हजार रुपयांत मिळतो. हौशी उपग्रहांचा संकेत त्यावर ऐकून कंप्रतेचा आलेख काढणे, म्हणजे १९५७ चा प्रयोग पुन्हा करणे, हे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही साधते. २०१६ नंतरच्या अनेक अँड्रॉइड दूरध्वनींमध्ये उपग्रहांची कच्ची मोजमापे पाहण्याची सोय आहे आणि दोन कंप्रता घेणारा दूरध्वनी असेल, तर आयनांबराच्या विलंबाचा स्थूल अंदाजही करता येतो. दुपारी दोन वाजता आणि पहाटे चार वाजता घेतलेल्या नोंदी शेजारी ठेवल्या, की फरक डोळ्यांना दिसतो. शिक्षकांनी एक काळजी मात्र घ्यावी. ऐकणे आणि प्रक्षेपण करणे यांत कायद्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. प्रक्षेपणासाठी केंद्र शासनाचा हौशी रेडिओ परवाना घ्यावा लागतो. जीपीएसचा संकेत दाबणारी किंवा बनावट संकेत देणारी उपकरणे विद्यार्थ्यांनी प्रयोगासाठीसुद्धा उघड्यावर वापरता कामा नयेत. कळंबोलीच्या आसपास तर विमानाचा मार्ग डोक्यावरूनच जातो.